धुराचं यंत्र आणि मायचे कान

मी आयुष्यभर पोरांच्या कॉप्या धरल्या. लातूरच्या एका शाळेत तीस वर्षं शिकवलं. परीक्षेच्या दिवसांत माझं नाव ऐकलं की पोरं वर्गाबाहेरच खिसे झाडायची. मोज्यातली चिठ्ठी, पट्टीच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेली सूत्रं, रुमालात गुंडाळलेलं पान, सगळे प्रकार मी पाहिले. मान कोणीकडं वळतीय यावरून पोराला कोणता प्रश्न अडलाय ते मी सांगायची. आणि माझ्या सख्ख्या आईनं, जिला सहीपुरतंच लिहिता यायचं, तिनं दोन वर्षं दर रविवारी कॉपी केली अन् मला पत्ता लागला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आईला मी माय म्हणायची. माय मुदखेडला एकटी राहायची. वडील रेल्वेत गँगमन होते. रुळावर घाम गाळून त्यांनी स्टेशनच्या अलीकडं दोन खोल्या बांधल्या. पुढची स्लॅबची, मागचं स्वयंपाकघर पत्र्याचं, त्याच्यामागं एवढंसं अंगण. दारावर पाटी लावायची वेळ आली तेव्हा वडील पेंटरला म्हणाले, "हिचं नाव लिही. माझं नाव हजेरीच्या बुकात रोजच हाय." मायचं माहेर म्हणजे गावकुसाबाहेरची झोपडी. तिथं दारालाच फळ्या नव्हत्या, पाटी कुठली असणार! स्वतःचं नाव वाचायला मायला लई दिवस लागले. पण एकदा वाचता आल्यावर ती येता-जाता ती पाटी पदरानं पुसायची. वडील गेल्यावरही पुसायची. एकुलती एक पोरगी लातूरला, जावई कधीचे वारलेले, नातू हॉस्टेलात, अन् ही इकडं पाटी पुसत बसलेली.

एका सकाळी मी शाळेत असताना शेजारच्या चाचीचा फोन आला. चाचीचे मालक अन् माझे वडील एकाच गँगमधले, भिंतीला भिंत लागून घरं. चाची पहिल्याच दमात म्हणाली, "बेटी, घाबरू नको. आग इझली."

आता हे ऐकून घाबरणार नाही तर काय करणार? अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी नांदेडची बस धरली, तिथून जीपनं मुदखेड. घरात पाय ठेवला तर करपलेल्या डाळीचा वास अन् काळी भिंत. मायनं कुकर लावला होता अन् मागं अंगणात मिरच्या वाळत घालायला गेली होती. पाणी आटलं, डाळ जळली, कुकरचं रबर वितळलं, वर लटकवलेली प्लॅस्टिकची पिशवी पेटली. चाचीनं धूर पाहिला, पळत येऊन गॅस बंद केला, वर बादली ओतली. माय सगळा वेळ अंगणात होती. घराकडं पाठ, दहा पावलांवर.

"इतक्या शिट्ट्या झाल्या बेटी," चाची म्हणाली, "मी म्हटलं आज ह्यांच्याकडं हरभरे शिजून राहिले का काय."

मी मायकडं पाहिलं. "माय, कुकर विसरलीस?"

मायनं जळक्या कुकरकडं पाहिलं. मग म्हणाली, "हाव, विसरले."

मी ते धरून बसले. वय झालं, विसरते. तिनं मला तसंच समजू दिलं. विसरणारी बाई एक वेळ घरात राहू शकते, असा तिचा हिशेब असावा. त्या दिवशी मी एकदा जरी विचारलं असतं की शिट्ट्या ऐकू आल्या का, तर पुढचं काहीच झालं नसतं.

मी म्हटलं, चल लातूरला. ती म्हणाली, न्हाई. मी म्हटलं, जळून मरशील. ती म्हणाली, घरात मरंन. मला राग आवरत नाही, तो कधीच आवरला नाही, अन् पोरांसमोर चालतो तो राग मी घरीही चालवत आले. मी ओरडले, तिनं पदर तोंडाला लावला, चाची मधी पडली. शेवटी मी तोडगा काढला. म्हटलं, शहरात घरात धुराचं यंत्र लावतात. धूर झाला की ते बोंबलतं. ते मी आणून लावते. ते वाजलं अन् तुला ऐकू आलं तर राहा इथं. ऐकू आलं नाही तर गुमान माझ्यासंगं यायचं, एक शब्द बोलायचा नाही.

"हाव," माय म्हणाली. "मंजूर."

परीक्षा मीच लावली. हे मला नंतर लई वेळा आठवलं.

लातूरला मी इलेक्ट्रिकच्या तीन दुकानांत विचारलं. एकानं गॅस गळतीचं दाखवलं, एकानं हॉस्पिटलात बसवतात ती वायरींची अख्खी सिस्टीम सांगितली, तिसरा म्हणाला, "मॅडम, घरात कशाला पाहिजे? घरात नाक असतंच की." मग मोबाइलवर शोधलं. तिथं ढीगभर प्रकार. मला वाचायची सवय, पण त्या दिवशी पेपर तपासायचे गठ्ठे समोर पडलेले. मी सरळ सगळ्यात मोठ्या आवाजाचं कोणतं ते पाहिलं. खाली अजून काय काय होतं. एका चित्रात उशी होती अन् तिच्याखाली बशीएवढी चकती, मसाजचं असेल म्हणून मी अंगठ्यानं वर सारलं. आवाज मोठा असला की झालं, माझा हा साधा हिशेब. बॅटरीवरचं घेतलं, कारण मुदखेडच्या विजेचा भरवसा नाही.

बसवायला मी स्वतः गेले. यंत्रासोबत कागद आला होता तो पाठ केला होता. चुलीच्या डोक्यावर लावायचं नाही, फोडणी दिली तरी बोंबलतं. पत्र्याखाली लावायचं नाही, उन्हाळ्यात पत्रा तापून यंत्र बिघडतं. पंख्याजवळ नाही, वारा धूर पळवतो. कोपऱ्यातही नाही, तिथवर धूर उशिरा पोचतो. म्हणजे राहिली पुढच्या खोलीच्या स्लॅबची मधली जागा, स्वयंपाकघराचं दार अन् मायची खाट यांच्यामधली. तिथं गल्लीतल्या वायरमननं दोन स्क्रू मारून ते पांढरं डबडं बसवलं. "ताई, वायफाय हाय का हे?" त्यानं विचारलं. मी सांगितलं तर म्हणाला, "मग लई भारी हाय. पण म्हाताऱ्या माणसाला कशाला?"

गल्लीत वेगळंच झालं. पोरीनं कॅमेरा बसवला अशी बातमी फिरली. बाया घरात येताना वर बघून पदर सारखा करायला लागल्या. एक जण तर डबड्याकडं बघून मला नमस्कार सांगून गेली. मायही मजा घ्यायची. कोणी चुगली सुरू केली की वर बोट दाखवायची, "हळू बोल, लातूरला ऐकू जातं."

पहिल्याच दिवशी संध्याकाळी ते यंत्र वाजलं. मायचा नेम होता. दिवस कलला की बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावायची, अगरबत्ती लावायची, हात जोडून डोळे मिटून त्रिशरण अन् पंचशील म्हणायचं. त्या दिवशी मी आले म्हणून तिनं एकाच्या जागी पाच अगरबत्त्या लावल्या. वंदना अर्ध्यावर आली अन् डोक्यावर यंत्र असं बोंबललं की मी दचकून उभीच राहिले. दारातली कोंबडी फडफडत रस्त्यावर गेली. कोपऱ्यात झोपलेलं मांजर टुणकन उडालं अन् मागच्या दारानं पसार झालं. मी अगरबत्त्या उचलल्या, बाहेर नेऊन मातीत खोचल्या, सुपानं वारा घातला. माय मात्र हललीसुद्धा नाही. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ चाललेले. वंदना पुरी केली, तीन वेळा वाकली, मगच डोळे उघडले.

आमच्याकडं वंदना चालू असताना मधी उठत नाहीत. लहानपणी मी एकदा उठले होते तर पाठीत धपाटा बसला होता. मला मायचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू! शाळेत जाऊन सगळ्या बायांना सांगितलं. डोक्यावर एवढा कल्लोळ चाललेला अन् आमच्या मायची एकाग्रता बघा. अगं बाई, एकाग्रता कसली आलीय! पण तेव्हा मी ते अगदी अभिमानानं सांगत होते.

"ऐकू आलं ना माय?" मी तेवढं विचारलं होतं.

मायनं आधी माझ्याकडं बघितलं, मग रिकाम्या अगरबत्तीच्या घराकडं, मग मांजराच्या रिकाम्या जागेकडं. "कामून येणार न्हाई? कान फुटून राहिले माझे," ती म्हणाली.

मग रविवारचा नेम सुरू झाला. कागदावर लिहिलं होतं की बटण दाबून यंत्र तपासत राहा. मी सकाळी नऊला फोन करायची. मायचा फोन साधा बटणाचा, कमरेला पिशवीत खोचलेला. "थरथरला की उचलती," असं ती म्हणायची अन् खरंच दुसऱ्या थरथरीला उचलायची. बाजारात, नळावर, कुठंही असली तरी. मी म्हणायची, "माय, काठी घे." कपडे काढायची वेळूची काठी होती. ती घेऊन माय खाटेजवळ उभी राहायची अन् यंत्राचं बटण दाबायची. फोनातून मला तो कर्कश आवाज यायचा. मी ओरडून विचारायची, "आलं का ऐकू?" अन् माय म्हणायची, "हाव, आलं. बंद करू का? मांजर पळालं बघ."

दर रविवारी मांजर पळायचं. दर रविवारी माय मला ते सांगायची. मी मनात पास असं लिहून फोन ठेवायची.

वर्षातून एकदा बॅटरी बदलायची होती. विसरू नये म्हणून मी वैशाखी पौर्णिमा धरली. त्या दिवशी मी तशीही मुदखेडला जायची. माय पांढरं लुगडं नेसायची, आम्ही विहारात जायचो, खीर व्हायची. मग दुपारी मी खुर्चीवर चढून यंत्र उतरवायची, मऊ फडक्यानं धूळ काढायची, चौकोनी बॅटरी बदलायची. माय खालून खुर्ची धरायची. पहिल्या वर्षी हे नीट झालं. दुसऱ्या वर्षी पौर्णिमेच्या आठवड्यात आम्हाला प्रशिक्षणाला बसवलं. रजा मिळाली नाही. मी फोनवर मायला म्हटलं, शाळा उघडायच्या आत येऊन बदलते. ती म्हणाली, ये सवडीनं, काही घाई न्हाई.

त्याच सुमाराला ती मांजराचं रडगाणं गायला लागली. मांजर घरात येईना. दूध ठेवलं तर दारातून वास घेतं अन् परत जातं. रुसलं का काय. मी म्हटलं, मांजराचं काय घेऊन बसलीस माय, मला इथं मरायला सवड नाही. फोनवर मधूनच कसलं तरी टिक्क असं वाजायचं. मला वाटलं लाइन खराब आहे. त्या रविवारी तिनं बटण दाबलं, यंत्र वाजलं, मी ओरडून विचारलं अन् ती म्हणाली, "आलं, आलं." पण मांजर पळाल्याचं काही बोलली नाही. तिचा आवाज जरासा खाली गेला होता. मी विचारलं नाही.

मी गेले ती मेच्या शेवटी, भर दुपारी. मुदखेडला रस्त्यावर कुत्रं नव्हतं. दार उघडंच होतं. माय पुढच्या खोलीत, बरोबर यंत्राच्या खाली, सुपात तांदूळ निवडत बसली होती. चपला काढता काढता मला वर चिवचिव झाल्यासारखं ऐकू आलं. एकच बारीक, टोकदार आवाज. मी थांबले. तेवढ्यात चाची पाण्याचा तांब्या घेऊन आली. पुन्हा तोच आवाज. यंत्राची बॅटरी संपत आली की ते मिनिटामिनिटाला असं टोचतं, कागदात लिहिलेलंच होतं.

"माय, हे कधीपासून वाजून राहिलं?"

मायनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग मी जिकडं बघत होते तिकडं, वर. "हे व्हय? आत्ताच. सकाळपासून," ती म्हणाली.

"सकाळपासून कुठं!" चाची म्हणाली. "पंधरा दिवस झाले बेटी. मला वाटलं घरात चिमणीनं घरटं केलं. मांजर त्याच्यानंच तर माझ्याकडं येऊन राहिलंय."

खोलीत परत ते टोचलं. मायच्या पापणीतही काही हललं नाही. बोटं तांदळातून खडे काढत राहिली.

इथं मी जे केलं ते मला आजही लिहिताना लाज वाटते. मी गप्प बसले असते, तिच्याजवळ बसले असते, हळूच विचारलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी काठी घेतली. मायच्या पाठीमागं गेले. चाचीला बोटानं गप्प राहा म्हटलं. अन् काठीचं टोक बटणावर दाबून धरलं.

यंत्र बरोबर मायच्या टाळूवर किंचाळलं. चाचीच्या हातातला तांब्या हिंदकळला, तिनं कान दाबले. मला स्वतःला सहन होईना. मी धरूनच ठेवलं. माय तांदूळ निवडत होती. एक खडा तिनं उचलला, डोळ्याजवळ नेऊन पाहिला, बाजूला टाकला. मग चाचीचे कानावरचे हात तिला दिसले अन् तिची बोटं थांबली.

ती हळूहळू मागं वळली. माझ्या हातात काठी, काठीचं टोक वर.

"हाव," ती म्हणाली. "आलं ऐकू."

ती वळायच्या आतच मी बटण सोडलं होतं. तेव्हा खोलीत काहीच वाजत नव्हतं.

"तू कॉपी करत होतीस!" मी ओरडले. आईला म्हणायचा का हा शब्द? पण तोच तोंडात आला. "दोन वर्षं मला फसवलंस. जळून मेली असतीस तर?"

मायनं सूप खाली ठेवलं. "मांजर उठलं की मला कळायचं," ती म्हणाली. "अन् तुझा आवाज चढायचा फोनात, त्याच्यावरून. मांजर गेलं तवापासून अंदाजानंच." मग तिनं विचारलं, "नापास का मग?"

चाची म्हणाली, "राहू दे ना बेटी, मी हाय ना इथं." मी तिलाही बोलले. तुमचंही वय झालंय, तुम्ही काय बघणार. चाची तांब्या घेऊन निघून गेली. माय मात्र एक शब्द बोलली नाही. कबूल केल्याप्रमाणं गुमान राहिली. ट्रंकेत दोन लुगडी, मूर्ती, वडिलांचा फोटो ठेवला. निघताना दारात थांबून पाटीवरून पदर फिरवला. कुलूप मी लावलं. यंत्र मी स्क्रू काढून सोबत घेतलं, चांगली वस्तू वाया कशाला घालवायची म्हणून.

लातूरला कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. ते म्हणाले, जाड आवाज यांना बरे ऐकू येतात, म्हणून बोलणं कळतं. बारीक, टोकदार आवाज सगळे गेलेत. कुकरची शिट्टी, पाखरं, असले. आवाज किती मोठा याला अर्थ नाही, तो कान उरलाच नाही. मी मायला मोठ्यानं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "लोक म्हणायचे चिमण्या राहिल्या न्हाईत आता. मला वाटलं खरंच गेल्या."

कानाचं मशीन आणलं. ते तिला सोसलं नाही. डोक्यात पत्रे वाजून राहिलेत म्हणायची अन् काढून डबीत ठेवायची. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टला ती भ्यायची. यंत्र मी पॅसेजमधे लावलं होतं. माय संध्याकाळी मूर्तीपुढं मेणबत्ती लावायची पण अगरबत्ती लावेना. मी म्हटलं, लाव की. तर वर बघून म्हणाली, "नको. तुझं यंत्र ओरडंल, अन् मला कळायचं न्हाई." रविवारी नऊ वाजले की ती नकळत कमरेला हात लावायची, फोन चाचपायची. मी तर समोरच बसलेली असायची.

वर्षही भरलं नाही. आजार म्हणावा असा काही नव्हता. जेवण कमी होत गेलं, बोलणं कमी होत गेलं, अन् एका दुपारी माझी शाळा सुटायच्या आत ती गेली. लोक भेटायला आले त्यांना मी म्हणायची, शेवटी माझ्याजवळ होती, सुरक्षित होती. ज्याला त्याला सांगायची. मलाच ते ऐकायचं होतं म्हणून सांगत असेन.

आता मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. मी एकटीच राहते. पोरगं हैदराबादला नोकरीला. मागच्या महिन्यात ते दोन दिवसांसाठी आलं होतं. सकाळी मी त्याच्यासाठी सुशीला केला. आमच्याकडं चुरमुऱ्यांचा करतात तो, त्याला लई आवडतो. ताट हातात घेऊन ते बसलं अन् एकदम थांबलं. मान वर केली.

"मम्मी, हे कधीपासून वाजून राहिलं?"

मी म्हटलं, "काय?"

ते पॅसेजकडं बघत होतं. मी तिकडं पाहिलं. पांढरं डबडं. माझ्या तोंडातून शब्द निघाले ते माझे नव्हतेच.

"हे व्हय? आत्ताच. सकाळपासून."

पोरगं माझ्याकडं बघत राहिलं. मी ताटातला शेंगदाणा शोधत बसले. मला ठाऊक होतं आता काय येणार. चल हैदराबादला. मी उत्तरं जुळवायला लागले. माझं घर आहे, माझी माणसं आहेत, मी इथून हलणार नाही, कोणी ओढून नेलं तरी. मायच्या मनात दोन वर्षं दर रविवारी हेच चालत असणार, हे मला त्या क्षणी कळलं.

"ऐकू येत न्हाई ना तुला?" पोरानं विचारलं. अगदी साध्या आवाजात.

"न्हाई," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणालं, अन् खिशातून मोबाइल काढला. एका हातानं घास, दुसऱ्या हातानं मोबाइल. "त्यात काय एवढं! लाइट लागणारं मिळतं. उशीखाली ठेवायचंही मिळतं, थरथरतं ते, झोपलेलं माणूस उठतं. अन् माझ्या फोनवर, वॉचमनच्या फोनवरही कळंल. हे बघ." त्यानं स्क्रीन माझ्यापुढं धरली.

उशी होती. तिच्याखाली बशीएवढी चकती.

"हे आत्ता निघालंय का रे?" मी विचारलं.

"छे गं. लई जुनं हाय. आजीचं घेतलंस तेव्हाही मिळत असंल." त्यानं बटण दाबून मागवूनही टाकलं. ताटातला सुशीला अजून गरम होता. "सुशीला दे ना अजून," ते म्हणालं.

पंधरा दिवसांनी डबा आला. पोरगं पुढच्या शनिवारी मुद्दाम येऊन बसवून गेलं. दुपारची वेळ होती. त्यानं मला पलंगावर आडवं व्हायला सांगितलं, डोळे मिटायला सांगितले. "झोपल्यासारखं कर. मी बाहेरून तपासतो," म्हणालं.

मी डोळे मिटले. बाहेर ते खुर्चीवर चढलं. आवाज मला काहीच आला नाही. पण मिटल्या पापण्यांवर उजेड लखलखला अन् गालाखाली उशी थरथरायला लागली, मांजर कुशीत येऊन गुरगुरावं तशी. मी तिच्यावर हात ठेवला. कमरेचा फोन थरथरला की बाजाराच्या गर्दीतही मायला कळायचं. हे तर तिला पहिल्या थरथरीलाच कळलं असतं. मुदखेडच्या त्या खाटेवर, पाटीच्या आतल्या बाजूला.

"मम्मी, कळलं का?" पोरगं दारातून ओरडलं.

मी उशीवरचा हात न काढता तशीच पडून राहिले, म्हणून त्यानं पुन्हा बटण दाबलं.